सीटी-एमआरआयमध्ये नवीन काय चाललंय? वेटिंग हॉलमध्ये रोज विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत एका स्कॅन सेंटरवर सोळा वर्षं सीटी-एमआरआयची टेक्निशियन म्हणून काम करतेय. पूर्वी लोक विचारायचे "दुखणार का" आणि "किती वेळ लागेल", आता युट्यूब बघून येतात आणि विचारतात "मॅडम, ते फोटॉनवालं मशीन आलंय का तुमच्याकडे", "रिपोर्ट एआय लिहितो म्हणे". टेबलवर पेशंट झोपवता झोपवता दोन वाक्यात उत्तर देऊन भागत नाही म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकलंय. मी डॉक्टर नाही, तुमचा स्कॅन करायचा का नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मशीनच्या आतलं काय ते मी सांगते.

सीटी आणि एमआरआयमध्ये फरक काय? दोन्हीकडे झोपवून आतच सरकवता की.

सरकवतो खरं, पण आत चालतं ते एकदम वेगळं. सीटी म्हणजे तुमच्याभोवती गरागरा फिरणारा एक्स-रे. शेकडो बाजूंनी तो आरपार जातो आणि कुठून किती अडला यावरून कॉम्प्युटर उलटा हिशोब करून आतल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड काहीशे ते हजाराच्या पुढे. या आकड्यांना हाउन्सफील्ड युनिट म्हणतात, गॉडफ्री हाउन्सफील्डच्या नावावरून, हा माणूस ईएमआयमध्ये इंजिनिअर होता, हो तीच गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात त्याच्या मशीनवर पहिल्या पेशंटच्या डोक्याचं सीटी झालं आणि १९७९ ला त्याला आणि ॲलन कॉर्मॅकला नोबेल मिळालं.

एमआरआयमध्ये एक्स-रे नाहीच. तिथे मोठं चुंबक असतं, तुमच्या अंगातल्या पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन त्या चुंबकात एका वळणावर येतो, आपण त्याला रेडिओ लहरींचा धक्का देतो आणि तो परत जागेवर येताना जो बारीक सिग्नल सोडतो तो ऐकतो. त्या सिग्नलवरून चित्र काढायची युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ ला छापली, पुढे पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान केली, दोघांना २००३ चं नोबेल.

एक मात्र दोन्हीकडे सारखं. पडद्यावर जे दिसतं ते कॅमेऱ्यातल्या फोटोसारखं नसतं, ते गणित करून काढलेलं चित्र असतं. हे डोक्यात ठेवा, कारण खाली जे जे नवीन म्हणून येईल त्यातलं बरंचसं या गणितातलंच आहे.

एका सीटीत ३००-४०० एक्स-रेएवढं रेडिएशन असतं हे खरं का?

हा प्रश्न २०२१ च्या मे महिन्यापासून माझ्या मागे लागलाय. तेव्हा आठवतंय ना, कोविडची दुसरी लाट, गावोगाव सीटीचा "स्कोर किती आला" हेच चाललेलं, पंचवीसपैकी आठ, पंचवीसपैकी सोळा, बोर्डाचा निकाल असल्यासारखं. पहाटे चारला आमच्या गेटबाहेर रांग असायची आणि त्यातल्या निम्म्या लोकांना नुसता ताप असायचा. तेव्हा एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं की एक सीटी म्हणजे छातीचे ३००-४०० एक्स-रे, आणि लगेच रेडिओलॉजिस्टांच्या, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांच्या, संघटनेनं उलट सांगितलं की आता अल्ट्रा लो डोस सीटी असतात, ते ५-१० एक्स-रेएवढेच.

गंमत म्हणजे दोन्ही आकडे गणितात बसतात. छातीच्या एका एक्स-रेला साधारण ०.०२ मिलीसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं माप) धरा, नेहमीच्या सेटिंगवर छातीचं सीटी ६-७ मिलीसिव्हर्टला जातं, करा भागाकार, तीनशेच्या वर आलंच. तेच मशीन, तीच छाती, पण डोस एकदम खाली आणून काढलं तर ०.१-०.२ वर पण भागतं, म्हणजे ५-१० एक्स-रे. प्रश्न असा असतो की तुमचं सीटी ज्या दिवशी झालं त्या दिवशी कन्सोलवर कुठलं प्रोटोकॉल, म्हणजे मशीनची सेटिंग, लावलं होतं, आणि त्या गर्दीत सगळीकडे बारकाईनं डोस कमी केला असेल असं मी तरी शपथेवर सांगणार नाही.

अंदाज यावा म्हणून सांगते, जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला वर्षाला जगाच्या सरासरीनं २.४ मिलीसिव्हर्ट फुकटच मिळतं. डोक्याचं सीटी साधारण २, पोटाचं ८-१०.

मग लहान मुलाचं सीटी करायचंच नाही का?

गरज असेल तर करायचंच. पोरगं गच्चीवरून पडलंय, उलट्या करतंय, डोळा उघडत नाही, तिथे रेडिएशनचा विचार करत बसायचं नसतं. पण "डोकं दुखतंय, एकदा बघूनच टाकू" याला मात्र थांबायला हवं.

यावरचा मोठा अभ्यास ईपीआय-सीटी नावाचा, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आला. युरोपातल्या ९ देशांतली साडेनऊ लाखांच्या आसपास मुलं आणि तरुण, ज्यांचं सीटी झालं होतं, त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. निघालं असं की आजच्या डोसनं सीटी झालेल्या दर १०,००० मुलांमागे पुढच्या १२ वर्षांत १ ते २ जणांना त्या सीटीमुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. एका मुलासाठी ही शक्यता फारच कमी. पण लाखो मुलांची सीटी होतात तेव्हा ती बेरीज मोठी होते, दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि लोकांना नेमकं तेच पचत नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतून अजून एक अंदाज आला, तिथे २०२३ मध्ये ९ कोटी ३० लाख सीटी झाले आणि त्यातून पुढच्या आयुष्यात मिळून १ लाख ३ हजार कॅन्सर होऊ शकतात. व्हॉट्सॲपवर तो "सीटीमुळे लाख लोकांना कॅन्सर झाला" असा फिरला. झाला नाही, होऊ शकतो असं मॉडेलनं काढलंय, पेशंट मोजून नाही. त्यातली मोठी धोक्याची बाब म्हणजे गरज नसताना केलेले आणि डोस उगाच जास्त ठेवलेले स्कॅन, त्या दोन्हीवर आपला ताबा आहे. तुम्ही विचारा ना, "मॅडम, मुलाचं प्रोटोकॉल लावलंय ना?" मला कोणी विचारलं तर राग येत नाही, उलट बरं वाटतं.

फोटॉन काउंटिंग सीटी म्हणजे काय? खरंच एवढं भारी आहे?

हो, सीटीमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत मनापासून भारी म्हणावं असं हेच. सीमेन्सच्या निओटॉम अल्फा या मशीनला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणं पास करणाऱ्या सरकारी संस्थेनं, ३० सप्टेंबर २०२१ ला परवानगी दिली.

देवळाची दानपेटी डोळ्यापुढे आणा. साध्या सीटीचा डिटेक्टर पेटीतली चिल्लर मोजतच नाही, सगळी तराजूत टाकतो आणि एकूण वजन सांगतो. त्यात रुपये किती, पाचाचे किती, दहाचे किती, काही कळत नाही, आणि तराजूचं स्वतःचं हलणं पण वजनात मिसळतं. तांत्रिक बोलायचं तर तिथे एक्स-रे आधी एका स्फटिकावर पडून उजेड होतो आणि मग त्या उजेडाची वीज होते, दोन टप्पे. फोटॉन काउंटिंगवाल्यात कॅडमियम टेल्युराइडचा स्फटिक असतो, त्यात एक्स-रेचा कण, म्हणजे फोटॉन, आला की थेट विजेचा ठोका पडतो. एक कण एक ठोका, आणि ठोका केवढा यावरून तो कण किती ताकदीचा ते पण कळतं. म्हणजे नाणं न् नाणं वेगळं मोजलं. आणि मशीनची स्वतःची जी बारीक खरखर असते ती एका मर्यादेखाली येते म्हणून मोजलीच जात नाही.

डिटेक्टरची घरं लहान करता येतात म्हणून ०.२ मिलिमीटरपर्यंतचं बारीक दिसतं. कानाच्या आतली हाडं, फुप्फुसातल्या बारीक नळ्या, हृदयाच्या रक्तवाहिनीत आधी बसवलेल्या स्टेंटच्या आत परत अडथळा झालाय का, असल्या जागी याचा खरा उपयोग. साध्या सीटीत कॅल्शियम असं फुलून दिसतं की वाहिनी ३० टक्के बंद आहे का ७० हेच सांगता येत नाही, तिथे हे मशीन कामाला येतं.

आमच्याकडे नाही. आणि मुतखडा बघायला, अपेंडिक्स बघायला ते लागत पण नाही, साधं सीटी छान बघतं. "नवीन मशीनवरच काढायचं" म्हणून पोटदुखीचा पेशंट घेऊन पुण्या-मुंबईला धावणारे नातेवाईक मी पाहिलेत, अपेंडिक्स काय नवीन मशीनची वाट बघत थांबत नाही.

तुमचं मशीन दीड टेस्लाचं, शेजारचं तीन टेस्लाचं. जास्त टेस्ला म्हणजे जास्त चांगलं ना?

टीव्हीच्या इंचासारखं ते नाही. टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद, वाढली की सिग्नल वाढतो, हे खरं. मेंदू, गुडघा, प्रोस्टेट, लहान सांधे याला तीन टेस्ला छान. पण धातूची प्लेट-स्क्रू अंगात असेल तर त्याच्याभोवतीचा काळा डाग तीनवर मोठा येतो, दीडवर लहान.

आता बघा जगात दोन्ही टोकांना काय चाललंय. एका टोकाला फ्रान्समध्ये पॅरिसजवळ सॅक्ले इथे इसेल्ट नावाचं ११.७ टेस्लाचं मशीन. वजन १३२ टन, आत १८२ किलोमीटर वायर, ७,५०० लिटर द्रव हेलियम, तापमान उणे २७१ अंश. २०२१ ला पहिल्यांदा त्यात भोपळा स्कॅन केला, खरंच भोपळा, आणि २०२४ ला माणसांच्या मेंदूची चित्रं आली, चार मिनिटांत ०.२ मिलिमीटर बारकाईची, वीस निरोगी स्वयंसेवकांवर. पार्किन्सन, अल्झायमर असल्या आजारात मेंदूच्या आत सुरुवातीला काय बदलतं ते शोधायला आहे ते, तुमच्या-माझ्या स्लिप डिस्कसाठी नाही.

दुसऱ्या टोकाचं मला जास्त आवडतं. हायपरफाइन कंपनीचं ०.०६४ टेस्लाचं चाकांवरचं मशीन २०२० ला एफडीएनं पास केलं, ते ढकलत आयसीयूत पेशंटच्या बेडपाशी न्यायचं आणि भिंतीवरच्या प्लगात लावायचं. आणि २०२४ ला हाँगकाँग विद्यापीठातल्या लोकांनी सायन्स या जर्नलमध्ये छापलं की ०.०५ टेस्लावर त्यांनी नुसतं डोकंच नाही, पोट, छाती, मणका, गुडघा, सगळं स्कॅन केलं, खास तांब्यानं मढवलेली खोली नाही, वीज १,८०० वॅट. घरातला गिझर २,००० चा असतो हो. चित्र आमच्या दीड टेस्लाएवढं सुंदर नाही, त्यातली खरखर काढायला डीप लर्निंग, म्हणजे एआयचाच एक प्रकार, लावावं लागतं, पण ज्या तालुक्यात एमआरआयच नाही तिथे "एवढं सुंदर नाही" आणि "काहीच नाही" यातून निवडायचं असतं.

हेलियम संपत चाललाय म्हणून एमआरआय महागणार असं वाचलं.

हेलियम जमिनीतून नैसर्गिक वायूबरोबर निघतो, मोजक्या देशांत, त्यामुळे भाव वरखाली होतात. नेहमीच्या मशीनला दीड-दोन हजार लिटर द्रव हेलियम लागतो, चुंबकाची वायर उणे २६९ अंशावर ठेवायला. यावर कंपन्यांनी चांगलं काम केलंय, फिलिप्सची सीलबंद मशीन ७ लिटरमध्ये चालतात, सीमेन्सचं ०.५५ टेस्लाचं फ्री मॅक्स एका लिटरपेक्षा कमीमध्ये. त्या फ्री मॅक्सचा बोगदा पण ८० सेंटिमीटर रुंद आहे, आमचा ६० चा. ज्यांना आत गेलं की जीव घाबरतो किंवा ज्यांचे खांदे टेकतात त्यांना या २० सेंटिमीटरची किंमत विचारा.

एमआरआयला एवढा वेळ का लागतो, आणि तो ढकढक आवाज कसला?

भजनी मंडळ ऐकलंय ना? समजा अशी व्यवस्था केली की डावीकडच्यानं सगळ्यात खालचा सूर लावायचा, त्याच्या शेजारच्यानं थोडा वरचा, असं करत उजवीकडचा एकदम टिपेला. आता तुम्ही डोळे मिटून ऐका, कुठला सूर मोठा येतोय यावरून कुठे बसलेला जोरात गातोय ते सांगता येईल. एमआरआय हेच करतं. चुंबकात उतार तयार करतं, एका बाजूला ताकद थोडी कमी, दुसऱ्या बाजूला थोडी जास्त, म्हणजे शरीरातल्या प्रत्येक जागेचा सूर वेगळा होतो. पण एका वेळी एकाच दिशेचा उतार ऐकून पुरं चित्र होत नाही, शेकडो वेळा उतार बदलून बदलून ऐकावं लागतं, म्हणून वेळ. आणि उतार बदलणाऱ्या कॉइलमधून वीज झटकन चालू-बंद होते, चुंबकात असल्यामुळे त्या कॉइलला हिसका बसतो, तो तुमचा ढकढक आवाज.

वेळ कमी करायचा तर कमी वेळा ऐकायचं आणि राहिलेलं गणितानं भरायचं. २००७ मध्ये मायकेल लस्टिग आणि त्यांच्याबरोबरच्यांनी स्टॅनफर्डमध्ये दाखवलं की हे नियम लावून नीट करता येतं, त्याला कंप्रेस्ड सेन्सिंग म्हणतात, आता बऱ्याच मशीनमध्ये बटणावर येतं. पुढची पायरी एआयची. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधन विभागानं २०१८ ला फास्ट एमआरआय नावाचं काम सुरू केलं आणि दीड हजारावर गुडघ्यांचा कच्चा डेटा जगाला खुला केला. २०२० च्या त्यांच्या अभ्यासात १०८ गुडघ्यांचे स्कॅन सहा रेडिओलॉजिस्टना दाखवले, पूर्ण डेटाचे आणि साधारण पाव डेटावरून एआयनं बनवलेले. निदानात फरक पडला नाही. मला हे वाचून पहिलं काय वाटलं सांगू? संधिवातवाल्या आजींना वीस मिनिटं पाय हलवू नका म्हणताना मला लाज वाटते, ती पाच-सात मिनिटांवर आली तर रोजच्या कामात फार मोठी गोष्ट आहे. कारण पेशंट हलला की चित्र गेलं आणि परत पहिल्यापासून.

पण मशीननं राहिलेलं "भरलं" तर नसलेली गाठ पण दाखवेल की!

बरोबर पकडलंत. हा या पानावरचा सगळ्यात हुशार प्रश्न आहे आणि तो मला एका निवृत्त ड्रॉइंग शिक्षकांनी विचारला होता.

२०२० ला अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या जर्नलमध्ये एक पेपर आला, त्यात दाखवलं की काही डीप लर्निंग पद्धतींमध्ये कच्च्या डेटात डोळ्याला न दिसणारा इवलासा बदल केला तरी अंतिम चित्रात भलतंच काही उमटतं, आणि उलट लहानशी खरी गाठ असेल तर ती पुसली पण जाऊ शकते. नुसती खरखर असती तर दिसली तरी असती. इथे चित्र एकदम स्वच्छ, देखणं येतं आणि चूक त्यातच लपते. म्हणून आता जे चांगले संशोधन गट आहेत ते एआयला मोकळं सोडत नाहीत, प्रत्येक पायरीला "तू बनवलेलं चित्र मोजलेल्या सिग्नलशी जुळतंय का" हे तपासायला लावतात.

आमच्या कामात याचा अनुभव साधा आहे. नवीन एआयवालं सॉफ्टवेअर आलं तेव्हा आमच्या सरांनी, म्हणजे आमच्या रेडिओलॉजिस्टनी, पहिले काही आठवडे दोन्ही चित्रं मागवली, जुन्या पद्धतीचं आणि नवीन. एकदा मानेच्या स्कॅनमध्ये नवीन चित्र एवढं गुळगुळीत आलं की सर म्हणाले "हे मेकअप केल्यासारखं दिसतंय, जुनं लाव." जुन्यात नसेजवळ एक बारीक रेघ होती, नवीनमध्ये ती पुसट झालेली. तेव्हापासून त्या भागाला आम्ही सॉफ्टवेअरचा जोर कमी ठेवतो.

रिपोर्ट एआय लिहितो का? मग डॉक्टरची फी कशाला?

२०१६ ला जेफ्री हिंटन, ज्यांना पुढे २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आताच बंद करा, पाच वर्षांत कॉम्प्युटर त्यांच्यापेक्षा चांगलं बघेल. पाच वर्षं होऊन गेली, आमच्याकडे सरांच्या टेबलवर अजून रात्री अकराला पण प्लेटांचा ढीग असतो.

पण एआय काही कामं खरंच चांगली करतो, आणि यात आपल्या मुंबईचं नाव आहे. क्युअर एआय या मुंबईच्या कंपनीनं २०१८ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये अभ्यास छापला, भारतातल्या साधारण २० सेंटरांवरची ३ लाख १३ हजार डोक्याची सीटी वापरून मेंदूतला रक्तस्राव, फ्रॅक्चर, मेंदू सरकलाय का हे ओळखणारी प्रणाली. शिवाय ४९१ स्कॅनचा सीक्यू ५०० नावाचा संच त्यांनी सगळ्यांना तपासायला खुला ठेवला. याचा उपयोग कसा तर रात्री दोनला ॲक्सिडेंटचे चार पेशंट एकदम आले, रेडिओलॉजिस्ट घरी, तेव्हा "या चौघांत याचं आधी बघा" एवढं जरी सांगितलं तरी जीव वाचतो.

प्रोस्टेटच्या एमआरआयवर २०२४ ला पीआय-काय नावाचा अभ्यास आला, ६२ रेडिओलॉजिस्टांपुढे एआय सरासरीनं थोडा सरस निघाला. आणि मला चकित करणारा म्हणजे चीनमधला पांडा, २०२३ चा. स्वादुपिंडाचा कॅन्सर साध्या, चित्र उठावदार करणाऱ्या औषधाची सुई न देता काढलेल्या सीटीत माणसाला बहुतेक दिसतच नाही, सरसकट राखाडी दिसतं सगळं. यांनी २०,५३० पेशंटवर तपासून बघितलं, आजार असेल तर ९२.९ टक्के वेळा पकडला, नसेल तर ९९.९ टक्के वेळा बरोबर "नाही" म्हटलं. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटीतून हा आजार लवकर सापडला तर काय होईल विचार करा.

आता फीचं. एआय एका प्रश्नाचं उत्तर देतो, रक्तस्राव आहे का, गाठ आहे का. तुमच्या रिपोर्टवर सही करणारा माणूस मात्र न विचारलेलं पण बघतो, आणि चुकला तर जबाबदारी पण त्याचीच.

सुई देऊन एमआरआय केला तर ते औषध मेंदूत साचतं का?

गॅडोलिनियमबद्दल विचारताय, एमआरआयचं चित्र उठावदार करायला सुईतून देतात ते औषध. होय, थोडं राहतं. २०१४ ला जपानमधल्या कांदा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बऱ्याच वेळा हे औषध घेतलेल्यांच्या मेंदूत दोन विशिष्ट जागा साध्या एमआरआयवर उजळ दिसतात. त्यामुळे कुठला आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण युरोपनं २०१७ मध्ये खबरदारी म्हणून जुन्या, सैल पकडीच्या प्रकारातली बहुतेक औषधं थांबवली. आता जी घट्ट पकडीची वापरतात ती कमी राहतात. २०२२ ला गॅडोपिक्लेनॉल आलं, ते नेहमीच्या निम्म्या डोसमध्ये काम करतं, आणि स्टॅनफर्डच्या गटानं २०१८ ला दहाव्या हिश्शाच्या डोसवरून एआयनं पूर्ण डोससारखं चित्र काढून दाखवलं, आता त्यावर बरंच काम चालू आहे, अर्थात वरचा "भरण्याचा" प्रश्न इथे पण आहेच.

किडनी खराब असेल तर वेगळी काळजी, म्हणून आम्ही क्रिएटिनीनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा, रिपोर्ट मागतो. तो मागितला की चिडू नका.

छातीत दुखतं तर सीटी अँजिओ करावी का?

डॉक्टरांना विचारा, पण माहिती म्हणून, स्कॉटलंडमध्ये स्कॉट-हार्ट नावाचा ४,१४६ पेशंटचा अभ्यास झाला. ज्यांच्या नेहमीच्या तपासणीत सीटी अँजिओ, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची सीटी, पण केली त्यांच्यात पाच वर्षांत हार्ट ॲटॅक किंवा त्यानं मृत्यू २.३ टक्के, न केलेल्यांत ३.९. सीटीनं कोणाला बरं केलं नाही. वाहिनीत चरबी दिसली म्हणून योग्य लोकांना वेळेवर गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी घेतल्या पण. दहा वर्षांचा निकाल २०२५ ला आला, फरक टिकून आहे.

फुल बॉडी एमआरआय पॅकेज घेऊ का? वाढदिवसाला ऑफर आहे.

काही त्रास नसताना? मी घेणार नाही, आणि मला तर स्टाफ म्हणून फुकट पडेल.

अमेरिकेच्या रेडिओलॉजी कॉलेजनं २०२३ ला स्पष्ट म्हटलं की लक्षणं नसलेल्यांनी असं पूर्ण शरीर स्कॅन करावं याला पुरेसा पुरावा नाही. चाळिशीच्या पुढच्या कुणालाही आत घातलं तर काहीतरी सापडतंच, यकृतात पाण्याची गाठ, किडनीवर फुगा, मणक्यात घासलेली चकती. मग त्यासाठी अजून एक स्कॅन, मग सुईची तपासणी, मग झोप उडते ते वेगळंच. याउलट, जास्त सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कमी डोसच्या सीटीनं फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले हे ५३ हजारांवर लोकांच्या अमेरिकन अभ्यासात २०११ लाच दिसलं. म्हणजे कोणाला, कशासाठी, हे ठरवून केलं तर फायदा, ऑफर बघून केलं तर बहुतेक डोकेदुखी.

मंगळसूत्र काढायलाच लागतं का? सोनं तर चिकटत नाही.

सोनं चिकटत नाही, पण ओवायची तार, फासा, मागचा हूक कशाचा आहे तुम्हाला माहीत नसतं आणि मला पण. शिवाय धातू तापू शकतो आणि चित्र खराब होतं. जोडवी, नथ, ताईत, कमरेचा करगोटा, सगळं बाहेर. सगळ्यात त्रास कशाचा सांगू, साडीच्या सेफ्टी पिनेचा. पदराच्या आत खोचलेली असते, बाईच्या पण लक्षात नसते. एकदा एका काकूंची पिन उडून बोगद्याच्या आत वरच्या बाजूला जाऊन चिकटली, दोन बोटांनी ओढून निघेना, तिला मी कडेकडेनं सरकवत बाहेर आणली तोपर्यंत काकू आत "पांडुरंग पांडुरंग" करत होत्या.

हसण्यावारी नका नेऊ. चुंबक चोवीस तास चालू असतं, लाईट गेली तरी. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका हॉस्पिटलात नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खोलीत गेला, चुंबकानं सिलिंडरसकट ओढला आणि त्याचा जीव गेला. २०२५ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कजवळ एकाच्या गळ्यात जवळपास नऊ किलोची साखळी होती, तिथे पण तेच.

पेसमेकरचं मात्र बदललंय. अमेरिकेत २०११ पासून एमआरआय चालणारे पेसमेकर यायला लागले, आणि २०१७ च्या एका अभ्यासात जुन्या प्रकारची उपकरणं बसवलेल्यांचे १,५०० स्कॅन दीड टेस्लावर नीट देखरेखीत केले, त्यात त्यामुळे मृत्यू झाला नाही. पण पेसमेकरचं कार्ड आणा, कार्डाशिवाय मी दार उघडणार नाही.

ही मशीनं भारतात बनत नाहीत का?

बनायला लागलीत. पवईला आयआयटीच्या आवारात समीर ही सरकारी संशोधन संस्था आहे, त्यांनी दीड टेस्लाचं देशी मशीन केलंय आणि २०२५ ला दिल्लीच्या एम्सशी ते तपासायचा करार झाला. बेंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्सचं मशीन तर चंद्रपूरच्या कॅन्सर सेंटरमध्ये बसलंय. बाहेरच्या मशीनचा एखादा पार्ट गेला की आम्ही आठ-आठ दिवस पेशंट परत पाठवतो, पार्ट कस्टममध्ये अडकलेला असतो, त्यामुळे मला याची वाट आहे.

माझा स्कॅन संशोधनाला दिला तर मी ओळखू येईन का?

नाव काढलं तरी डोक्याच्या एमआरआयमध्ये चेहरा असतो हे लोक विसरतात. २०१९ ला मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ जणांच्या एमआरआयवरून चेहरे तयार करून साध्या चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले, ७० जण बरोबर ओळखले गेले. म्हणून आता डेटा देण्याआधी चेहरा पुसतात. सही करताना एवढं विचारा.

स्कॅनला येताना काय आणू?

आधीची सीडी. रिपोर्टचा कागद नाही, सीडी किंवा पेन ड्राइव्ह, कारण प्लेटवर निवडक कट असतात आणि सीडीत सगळे. गेल्या पावसाळ्यात जतकडचे एक आजोबा खोकल्यासाठी आले, छातीच्या सीटीत आठ मिलिमीटरचा ठिपका, मुलगा रडायलाच लागला. आजोबांनी शांतपणे बी-बियाण्याच्या पिशवीतून २०१९ ची सीडी काढली, सरांनी दोन्ही शेजारी शेजारी लावली, ठिपका तेवढाच, तिथेच, सहा वर्षं. सरांनी खोकल्याचं औषध लिहून देऊन घरी पाठवलं. सीडीवर चरा होता, दोनदा पुसून लागली, तेव्हा पाकिटात ठेवा आणि गादीखाली ठेवू नका.